रंग चुकला तर मी घरी बसेन

साल २०२३. मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो. शाळेचा दाखला एकाहत्तर सांगतो, पण दाखला लिहिणाऱ्या मास्तरांपेक्षा माझ्या आईला जास्त माहीत असणार, तेव्हा त्र्याहत्तरच धरा. शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो. पुढचं सगळं शिक्षण आधी मिठागरात आणि मग दुकानात झालं.

पनवेलच्या बाजारात माझं मॅचिंगचं दुकान आहे. साडीला जुळणारं ब्लाउजचं कापड, परकर, अस्तर, फॉल. दुकान इतकं अरुंद की दोन बायका भांडायला उभ्या राहिल्या तर तिसरीला रस्त्यावरून भांडावं लागेल. पण आत भिंतभर खण आहेत आणि खणाखणात टू बाय टूच्या सुती कापडाचे गठ्ठे. नुसत्या हिरव्यालाच खणांच्या दोन रांगा लागतात. पोपटी, शेवाळी, मेहंदी, मूग, पिस्ता, आणि आमच्या बायका ज्याला चुड्याचा हिरवा म्हणतात तो.

ह्या धंद्यात बाई साडीच्या आतल्या टोकाचा बोटभर तुकडा कापून आणते. दुकानदार तो तुकडा गठ्ठ्यावर ठेवून, कधी दारात उजेडाला नेऊन, जुळतो का बघतो. मी कधी तुकडा हातात घेतला नाही. बाईने पिशवीतून साडीचा कोपरा दाखवायचा, मी एकदा बघायचं आणि म्हणायचं, "ठेवा आत. घेतला डोळ्यात." मग चहा पिऊन, दुसऱ्या दोन गिऱ्हाइकांशी बोलून झाल्यावर मी उठायचो आणि नेमका तोच गठ्ठा खाली ओढायचो. बायका चकित व्हायच्या. त्यांनी चकित व्हावं म्हणूनच तर चहा मध्ये घालायचो.

दुकान काढलं त्याच वर्षी मी एक पाटी रंगवून घेतली. 'रंग चुकला तर मी घरी बसेन.' पेंटर म्हणाला, "शेठ, लोक लिहितात, कापड बदलून मिळेल." मी म्हटलं, "कापड काय, कोणीही बदलून देईल. तू मी सांगतो ते लिही." ती पाटी चाळीसएक वर्षं गल्ल्याच्या डोक्यावर होती आणि मी तिच्याखाली बसत होतो.

हा डोळा मला मिठागराने दिला. आमच्या घरची मिठागरं होती. वाफ्यातलं खाडीचं पाणी उन्हाने आटत जातं तसा त्याचा रंग बदलतो. आधी गढूळ, मग हिरवट, मग चहासारखं, आणि शेवटी अगदी पुसट गुलाबी. तो गुलाबी दिसला की समजायचं, मीठ धरणार. मी आठ वर्षांचा असल्यापासून वडील मला बांधावर उभं करून विचारायचे, "काय बोलतंय पानी?" मी सांगायचो, "उद्या." आणि दुसऱ्या दिवशी वाफ्यात मीठ यायचं. पुढे नवं शहर आलं, मिठागरं गेली, दुकान आलं. डोळा तोच राहिला.

म्हणून माझ्या दुकानात रंगांची नावंही माझीच. गिरणीवाले नंबर देतात, मी नंबर वाचत नाही. सोनेरीत मांदेलीचा सोनेरी वेगळा आणि भाताच्या लोंबीचा वेगळा. राखाडीत खाडीच्या चिखलाचा, निवटी माशाच्या पाठीचा आणि चुलीतल्या राखेचा, असे तीन. एकदा न्यू पनवेलची एक मॅडम आली. म्हणाली, "काका, ओनियन पिंक आहे का?" मी गठ्ठा काढून दिला आणि म्हटलं, "घ्या. ओल्या बोंबलाचा रंग." बाईने कापड हातातून असं सोडलं की जणू वास आला. माझी सून पुढे झाली, "मॅडम, ओनियन पिंकच आहे, एकदम ट्रेंडिंग." तेव्हा घेतलं. रंग तोच, कापड तेच.

ही सून उरणकडची, मोरा गावची. बारावी शिकलेली. मुलगा बंदरात नोकरीला, म्हणून दुकानात माझ्याबरोबर तीच. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचा फोटो बघून ती सांगते, ह्या वर्षी काय चालणार. पूर्वी ते मी सांगायचो. रंगाची लाट कशी येते हे मी इतकी वर्षं बघतोय. टीव्हीवरच्या मालिकेतली सून सोमवारी जो रंग नेसते, तो गुरुवारी पनवेलला मागायला येतो. एक वर्ष सगळं गाव रामा हिरवा मागत होतं. एक वर्ष गाजरी. एक वर्ष वाईन, म्हणजे आमचा जांभूळ, फक्त नाव दारूचं दिलं की महाग वाटतो.

पण आमच्या आगरी लग्नांत लाट वगैरे नव्हती. आमच्यात रंगाला अर्थ होता. हळदीला पिवळा, कारण अंगाला लागणार तोच नेसायचा. नवरीला हिरवा. लाल, राणी, केशरी, डाळिंबी हे भावकीच्या बायकांना. काळा फक्त संक्रांतीला. आणि फिका रंग म्हणजे घरात काहीतरी झालंय असं लोक समजायचे. दिवसभर मिठाच्या पांढऱ्यात राबलेली बाई सणाला फिकं कशाला नेसेल? रस्त्याच्या त्या टोकाला बाई उभी असली तर ह्या टोकाला कळलं पाहिजे की आमची बाई उभी आहे.

आणि मग हे फिके रंग आले. कुठल्या तरी नटीने लग्नात फिका गुलाबी घातला म्हणे, आणि सगळ्या पोरींना दुधात बुडवलेले रंग हवेसे झाले. पेस्टल. मला ते धुवून विटल्यासारखे वाटायचे. त्या दोन-तीन वर्षांत तर मला सगळाच बाजार विटलेला दिसू लागला. निळा रंग असा डोळ्यात भरायचाच नाही. मोरपिशी शेवाळीकडे गेलेला, जांभळा मातकट. मी गिऱ्हाइकांना ठासून सांगायचो, "गिरण्यांनी निळीत काटकसर चालवलीय. खरा निळा आता मिळत नाही. फॅशनच तशी आलीय, सगळं पिवळट." बायका हो हो म्हणायच्या. सून खणाकडे तोंड करून गठ्ठे नीट करत राहायची.

त्याच काळात आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. बायका विसराळू झाल्या होत्या. मी कापड फाडून, पुडी बांधून द्यायचो, बाई रस्त्याला लागायची आणि सून एकदम ओरडायची, "ताई, थांबा, तुमचं राहिलं!" की धावली मागे. दर दोन-चार गिऱ्हाइकांमागे हे. कोणाची छत्री, कोणाचे सुटे पैसे, कोणाचा रुमाल. मी म्हणायचो, "मोबाइलने डोकी गेली ह्यांची." सून धापा टाकत परत यायची आणि म्हणायची, "हो ना, बाबा."

तर त्या मे महिन्यात बेलपाड्याच्या एका घरातून हळदीची ऑर्डर आली. घेऊन आली ती नवरीची आत्या. ती स्वतः धवलारीण आहे. आमच्या लग्नांत धवलारीण धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाते, तिच्याशिवाय लग्नाचं पान हलत नाही. वयाने माझ्याएवढी, आवाज अजून लाऊडस्पीकरला नको म्हणणारा. मला दादूस म्हणते, म्हणजे मोठा भाऊ, पण बोलते धाकट्याशी बोलल्यासारखी.

तिने पिशवीतून साडी काढून माझ्यासमोर टाकली. "बग दादूस, पोरींनी काय ठरवलंय. हलदीला भावकीच्या चालीस बायका एका रंगात. पिवला नाय, लव्हेंडर."

"लव्हेंडर म्हणजे काय?"

"मना काय माहीत! पोरी बोलतात, पिवल्या हलदीवर फोटोत उठून दिसतंय. साडीसोबत कापड आलंय ब्लाउजचं, पन ते टोचतंय. मे महिन्यात कोन घालील? तू तुजं सुती दे. चालीस."

मी साडी बघितली. एक फिकट, धुरकट रंग. मनात म्हटलं, हे लव्हेंडर! चुलीतली राख. तोंडाने म्हटलं, "ठेव आत. घेतला डोळ्यात. गुरुवारी मी स्वतः आणून देतो." धवलारणीने माझ्याकडे बघितलं, मग सुनेकडे बघितलं आणि साडी पिशवीत टाकली.

बुधवारी मोऱ्याहून फोन आला, सुनेची आई पायरीवरून घसरली होती. सून तिकडे निघाली. निघताना तीनदा म्हणाली, "बाबा, बेलपाड्याची ऑर्डर मी आल्यावर करू. घाई नाही." मी म्हटलं, "गुरुवार म्हटलंय. तू आईकडे बघ." बुधवारी दुपारी मी दोन ताके खाली काढले, चाळीस तुकडे फाडले, घड्या घातल्या आणि गुरुवारी सकाळी गठ्ठा मांडीवर घेऊन रिक्षाने बेलपाड्याला गेलो.

दारात मांडव पडला होता. धवलारीण आणि चार-पाच बायका मांडवात कोलंबी सोलत बसल्या होत्या. "ये दादूस, बस. हात कोलंबीचं हायत, चहाला तेवडा थांब." मी खुर्चीवर बसलो, गठ्ठा पायाशी ठेवला. तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. तिने मनगटाने फोन पुढे ओढला आणि कोपराने दाबून स्पीकरवर टाकला. फोनमधून माझ्या सुनेचा आवाज आला.

"मावशी, बाबा आले का हो? आले की ते जे देतील ते घ्या आणि छान म्हणा. कोणाला शिवायला देऊ नका. मी संध्याकाळी येते आणि बदलून देते. नेहमीसारखं."

मांडवातल्या सगळ्या बायकांचे हात कोलंबीवर तसेच थांबले. एकीला हसू आवरेना, तिने तोंडाला पदर लावला. धवलारीण फोनकडे वाकून म्हणाली, "बाय गं, तुजा सासरा माज्या समोर बसलाय."

तिकडून फोन बंद झाला.

"नेहमीसारखं म्हणजे काय?" मी विचारलं.

"काय नाय रं. पी चहा."

"चहा अजून दिला नाहीस."

मग मी खाली वाकून गठ्ठा सोडला, वरचा तुकडा काढला आणि म्हटलं, "साडी आण." तिने हात धुतले, साडी आणली, तुकडा साडीवर ठेवला. मी बघितलं. मिठाचा एक दाणा दुसऱ्या दाण्यासारखा, तसे ते दोन रंग.

"बरोबर आहे की!"

"दादूस," ती हळू आवाजात म्हणाली, आणि हळू आवाजात बोलणं हे त्या बाईचं काम नव्हे, "साडी जांभली हाय. फिकी, पन जांभली. ह्यो तुजा तुकडा राखेचा हाय."

मी सहजासहजी हार मानणाऱ्यांतला नाही. मी म्हटलं, "इथे कळणार नाही. तुमच्या मांडवात रंग कसा कळेल? वरचं कापडच पिवळं लावलंय. त्यातून ऊन पिवळं पडतंय, म्हणून तुम्हांला सगळ्यांना चुकीचं दिसतंय."

धवलारणीने वर बघितलं, मांडवाच्या कापडाकडे. मग बाकीच्यांनी बघितलं. मग मीही बघितलं.

"दादूस," ती म्हणाली, "मांडव पांढरा हाय."

त्यावर जे हसू फुटलं ते शेजारच्या इमारतीपर्यंत गेलं असेल. एक म्हातारी तर कोलंबीच्या टोपलीत कलंडली. मी बसून राहिलो. पुन्हा वर बघितलं. मला ते कापड पिवळंच दिसत होतं, जुन्या लोण्यासारखं. त्या क्षणी मला गिरण्यांची काटकसर आठवली, मातकट जांभळा आठवला, आणि त्या सगळ्या विसराळू बायका रांगेने डोळ्यासमोरून गेल्या.

"किती जणांना माहीत आहे?" मी विचारलं.

"पनवेलमधी? ज्या ज्या तुज्याकडं येतात त्या सगल्यांना. तू पुडी बांधतोस, आमी कोपऱ्यावरच्या औषधवाल्यापाशी थांबतो, तुजी सून धावत येते, पुडी बदलते. दोन वर्षं झाली. पोरीचं कौतिक कर, येवडी धावते ती."

"आणि तुम्ही सगळ्या गप्प?"

"तुजी पाटी हाय ना डोक्यावर! तू मोठा बोलाचा पक्का. रंग चुकला आसं कोन बोललं की तू जाशील घरी, मग आमी भांडायचं कोनाशी?"

मी गठ्ठा पुन्हा बांधला. "आता तर बोललीस. पाटीवर लिहिलंय ते लिहिलंय. मी आजपासून घरी बसतो."

"बस की! पाटीवर घरी बसेन लिवलंय. किती दिवस ते लिवलंय का? डोल्याचा मोतीबिंदू काडून ये, तोवर बस." आणि मग एकदम लग्नातल्या आवाजात, "आन माजे चालीस तुकडे मना उद्या पायजेत. जांभले!"

मी परत आलो. रिक्षात गठ्ठा मांडीवर घ्यायची लाज वाटली, म्हणून पायाखाली ठेवला. दुकान उघडलं नाही, पायरीवर बसलो. चार वाजता सून आली. मोऱ्याहून तशीच, घरी न जाता. केस विस्कटलेले. माझ्यापुढे उभी राहिली.

"आई कशी आहे?" मी विचारलं.

"बरी आहे. मुका मार."

"बस."

ती बसली. पायरीवर, माझ्या शेजारी. बाजार समोरून चालला होता. फुलवालीने विचारलं, "काका, आज दुकान बंद?" मी म्हटलं, "बघतेस ना."

"मला सांगितलं का नाहीस?" मी सुनेला विचारलं.

"सांगितलं होतं, बाबा. दोनदा. डोळे दाखवून या म्हटलं. तुम्ही म्हणालात, डोळे ठीक आहेत, फॅशन बिघडलीय."

हे मी म्हटलं होतं. अगदी असंच म्हटलं होतं.

"मग पाटी काढायची होतीस."

"पाटी काढली असती तर तुम्ही जेवला नसतात." तिने विस्कटलेले केस मागे बांधले. "आणि खरं सांगू? चुकीचं कापड घेऊन एकही बाई घरी पोचली नाही. पाटी खोटी पडली नाही, बाबा. मी पडू दिली नाही."

मला रडू आलं असं मी लिहिणार नाही, कारण ते खरं नाही. मला राग आला होता. तिचा थोडा, फॅशनचा थोडा, आणि माझ्या डोळ्यांचा फार. मिठागराने दिलेले डोळे, आणि त्यांनी मला न सांगता नोकरी सोडली होती. पण रागाच्याही खाली एक विचार हळूच येऊन बसला होता, की ही पोरगी दोन वर्षं नुसता एक कोपरा बघून रंग डोळ्यात ठेवत होती. तुकडा न घेता. माझ्यासमोर तुकडा घेता येत नव्हता तिला. गिऱ्हाइक पन्नास पावलं जाईपर्यंत, मी गल्ल्यात पैसे ठेवत असताना, माझ्या पाठीमागे बरोबर गठ्ठा ओढून, आवाज न करता कात्रीने कापून, पुडी बांधून मागे धावायचं. मला मध्ये एक चहा लागायचा.

"ती साडी तू बघितली होतीस ना?" मी म्हटलं.

"बघितली."

"कुठला खण?"

ती उठली. शटर वर केलं, आत गेली आणि क्षणभरही न थांबता डावीकडच्या तिसऱ्या खणातला वरचा गठ्ठा ओढला. मला तो माझ्या राखेसारखाच दिसला. मी म्हटलं, "ठीक. तू मोज, मी फाडतो. फाडायला रंग लागत नाही."

गजाने ती मोजायची, कात्रीने बारीक चीर द्यायची, आणि मी दोन्ही हातांनी टर्रकन फाडायचो. तो आवाज मला सगळ्या धंद्यात सर्वांत आवडतो. दिवेलागणीला चाळीस झाले. मधे फुलवाली येऊन म्हणाली, "आता उघडलं वाटतं," आणि सून म्हणाली, "हो, मालक बदललेत." मी तिच्याकडे बघितलं. तिने जीभ चावली. मी म्हटलं, "चावू नकोस, खरं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटीला जागलो. घरी बसलो. किल्ल्या सुनेच्या हातात दिल्या, ती आधी बेलपाड्याला गठ्ठा पोचवून मग दुकान उघडायला म्हणून निघाली आणि मी साडेनऊपर्यंत खुर्चीत बसून भिंत बघितली. भिंतही पिवळी होती. मग रिक्षा करून खांदा कॉलनीत डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण बाई तरुण होती. माझ्या डोळ्यात उजेड टाकून बघताना तिला माझ्या मुठीत काहीतरी दिसलं.

"हे काय आहे, आजोबा?"

मी मूठ उघडली. सून निघायच्या आधी तिच्याकडून कापून घेतला होता, बोटभर.

"तुकडा आहे," मी म्हटलं. "लव्हेंडर म्हणतात ह्याला. मला आत्ता राखेचा दिसतोय. तुम्ही डोळा करा, पट्टी सोडा, की मी हा बघणार. रंग जुळला नाही, तर तुम्ही घरी बसायचं."